मुकी वाहने

अहमदनगर शहराला लष्कराचा सहवास नवा नाही. निजामशाहीच्या काळात येथे भुईकोट किल्ला उभा राहिला. १८०३ साली जनरल वेलस्ली याने तो जिंकून घेतला. १९४२ ते १९४५ या काळात पंडित जवाहरलाल नेहरू व त्यांचे सहकारी त्याच किल्ल्यात बंदिवासात होते. २०२४ साली या शहराला व जिल्ह्याला अहिल्यानगर हे नाव मिळाले. तरी बोलताना लोकांच्या तोंडी ‘नगर’ हाच शब्द अद्याप येतो. या नगरमध्ये भारतीय सेनेच्या चिलखती दलाचे शिक्षणकेंद्र आहे, आणि त्या केंद्राने १९९४ साली उभारलेले रणगाड्यांचे संग्रहालयही आहे.

संग्रहालय म्हटले म्हणजे काचेची कपाटे आणि त्यांत मांडलेली नाणी व ताम्रपट डोळ्यांपुढे येतात. येथील मुख्य वस्तू मात्र कोणत्याही कपाटात मावण्याजोग्या नाहीत. रोल्स रॉईस कंपनीच्या सिल्व्हर घोस्ट या मोटारीच्या सांगाड्यावर पोलादी पत्रे चढवून तयार केलेली चिलखती गाडी येथे आहे. ज्या मोटारीतून धनिकांनी सहलीस जावे, तिच्याच पाठीवर पुढे मशिनगन बसली! जाड चिलखताचा आणि मंद चालीचा इंग्रजी मॅटिल्डा आहे, थोराड बांध्याचा चर्चिल आहे, ब्रह्मदेशाच्या लढाईची आठवण देणारे जपानी रणगाडे आहेत, १९६५ च्या युद्धात पाकिस्तानकडून हस्तगत केलेला पॅटन आहे आणि भारतात तयार झालेला विजयंतही आहे. शाळांच्या सहली येतात, मुले तोफेची लांबी पावलांनी मोजतात, जाड पत्र्यावर बोटांनी टकटक करून पाहतात. सर्वांत मोठा रणगाडा कोणता, सर्वांत लांब तोफ कोणाची, असे प्रश्न त्या वेळी हमखास निघतात. ते स्वाभाविक आहेत. परंतु या सर्व धुडांना खाऊपिऊ कोण घालीत असे, हा प्रश्न फारसा कोणाच्या मनात येत नाही.

सुमारे ५० टन वजनाचा सेंच्युरियन रणगाडा एक लिटर इंधनात एक किलोमीटरही धड जात नसे. म्हणजे तो जेथे जाईल तेथे त्याच्या मागोमाग इंधनाचे पिंप वाहणारे ट्रक गेले पाहिजेत. तोफगोळे वाहणारे निराळे, पाणी व शिधा वाहणारे निराळे, मोडलेल्या गाड्या ओढून आणणारे आणखी निराळे. युद्धाच्या चित्रांत हे ट्रक क्वचितच दिसतात. चित्रकाराला धूर आणि ज्वाळा हव्या असतात. चिखलात रुतलेल्या ट्रकखाली फांद्या घालणारा चालक त्याच्या कुंचल्याला भुरळ घालीत नाही.

कधी कधी मात्र हा सेवकवर्ग एकदम पुढे येतो. जीप ही मुळात निरोप आणि माणसे इकडून तिकडे पोचविणारी हलकी गाडी. १९४७ साली मुंबईत महिंद्र कंपनीने सुटे भाग आणून जीपगाड्यांची जोडणी सुरू केली, तेव्हापासून ती आपल्या सेनेतही रुळली. १९६५ च्या सप्टेंबर महिन्यात पंजाबात असल उत्तर या गावाजवळ अब्दुल हमीद यांनी शत्रूचे पॅटन रणगाडे फोडले, ते अशाच एका जीपवर बसविलेल्या तोफेने. त्या लढाईत त्यांना वीरमरण आले व मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले. चिलखत नसलेली, कापडी छताची गाडी पॅटनच्या समोर उभी राहिली, हे ध्यानात घेऊन मग नगरच्या संग्रहालयातील पॅटनकडे पाहिले, म्हणजे तो थोडा निराळा दिसू लागतो.

अशा सेवक वाहनांचा सर्वांत बोलका नमुना मात्र रणगाड्यांच्या कुळातील नाही. तो विमानतळावर राबणारा आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या शेव्हर्ले कंपनीने दीड टनी ट्रकाच्या सांगाड्यावर बाँब वाहण्यासाठी एक खास गाडी बनविली होती. लष्करात तिला ‘एम ६’ म्हणत. आज अशी जुनी गाडी कोणाच्या दृष्टीस पडली, तर तो प्रथम बुचकळ्यात पडेल. पुढील बाजू साध्या ट्रकासारखी. पण चालकाच्या बाजूला दार नाही, डोक्यावर कापडी छत, आणि पाठीमागच्या हौद्याच्या वर एक लोखंडी रूळ आडवा गेलेला. हा रूळ गाडीच्या मागील टोकाच्याही पुढे निघालेला असतो. त्यावर काय वाळत घालीत असतील, असा प्रश्न एखाद्या खोडकर मुलाने विचारला तर त्याला दोष देता येणार नाही.

त्या रुळाचे काम कळण्यासाठी बाँबचा प्रवास कळला पाहिजे. विमानतळावर बाँब विमानांच्या शेजारी रचून ठेवीत नसत. एकाला आग लागली तर सारा तळ उडून जाईल, म्हणून त्यांचे कोठार धावपट्टीपासून दूर, मातीच्या बांधांच्या आड असे. बाँबचे पोट, त्याच्या शेपटीचे पंख आणि त्याचा स्फोट घडविणारी कळ हे तीन भाग निरनिराळे ठेवलेले असत. कळ बसविली नाही तोपर्यंत बाँब हे त्या मानाने निरुपद्रवी ओझे. परंतु ओझे म्हणून ते भलतेच अवघड. ५०० पौंडांचा बाँब म्हणजे सुमारे २२७ किलो, म्हणजे धान्याची दोन पोती आणि वर थोडे. पोते निदान हाताला धरता येते. बाँब गोल, गुळगुळीत आणि दंवाने ओला. तो चार माणसांनी खांद्यावर घेऊन विमानापर्यंत नेणे शक्यच नव्हते.

येथे तो रूळ कामास येई. ट्रक उलटा चालवीत बाँबजवळ आणावयाचा. रुळावरून सरकणारी कप्पी मागच्या टोकापर्यंत ओढावयाची. तिचा दोर बाँबला लावून हाताने रहाट फिरवावयाचा, म्हणजे बाँब हळूहळू जमिनीवरून उचलला जाई. तो रुळाखालून आत सरकवावयाचा आणि हौद्यात किंवा ट्रकाने ओढावयाच्या बुटक्या गाडीवर ठेवावयाचा. विहिरीवर पाणी ओढणाऱ्या माणसाला यातील कोणतीच गोष्ट नवी वाटली नसती. रहाट, दोर व कप्पी यांची ही जोडी माणसाने हजारो वर्षे वापरली आहे. तीच येथे विमानाच्या सेवेस लागली होती. चालकाला दर थोड्या वेळाने खाली उतरून मागे पाहावे लागे, पुन्हा चढावे लागे. दार नसण्याची सोय अशा वेळी समजते. दिवेही झाकलेले असत, कारण रात्रीच्या अंधारात वरून जाणाऱ्या शत्रूच्या विमानाला प्रकाशाची तिरीपही दिसता कामा नये.

फोर्ड कंपनीनेही त्याच काळात एक बुटका दीड टनी ट्रक बनविला होता, आणि त्याचेही बाँबवाहू प्रकार होते. ब्रह्मदेशाच्या आघाडीवरून सैनिकांनी त्याला ‘बर्मा जीप’ असे नाव दिले. नाव जीपचे असले तरी जीपशी त्याचे नाते नव्हते. पण सैनिकांनी ठेवलेली टोपणनावे अशीच असतात, त्यांत कुळाचा विचार नसतो.

ही आघाडी भारताला परकी नव्हती. नगरच्या किल्ल्यात पंडित नेहरू आपला ग्रंथ लिहीत होते, त्याच दिवसांत आसाम व बंगालमधील तळांवरून अमेरिकेची आणि इंग्रजांची विमाने उडत होती. ५ जून १९४४ रोजी खरगपूरच्या आसपासच्या तळांवरून बी-२९ ही प्रचंड विमाने आपल्या पहिल्या हल्ल्यासाठी बँकॉककडे निघाली. विमान निघून गेल्यावर ज्यांनी ते भरले, ती माणसे धावपट्टीच्या कडेला उभी राहत. बाँब कोठे पडला हे त्यांनी कधी पाहिले नाही. परत आलेली विमाने त्यांनी मोजली, न आलेलीही मोजली, आणि दुसऱ्या दिवसासाठी पुन्हा रहाट फिरविला. जेथे बाँब पडला तेथेही माणसेच राहत होती, हा विचार त्यांच्यापैकी कित्येकांच्या मनात आला असेल. ट्रकाच्या मनात तो येण्याचा प्रश्न नाही. पण ट्रक जपून ठेवणाऱ्याच्या मनात तो आला पाहिजे. ट्रक रंगवून चकचकीत केला, रुळाला पोकळ पत्र्याचे खोटे बाँब टांगले आणि त्याच्यापुढे उभे राहून छायाचित्रे काढली, म्हणजे जत्रा झाली. गाडीची ओळख झाली नाही.

युद्ध संपल्यावर या गाड्यांची दैना झाली. लाखो वाहने एकाएकी निरुपयोगी ठरली. काही जागच्या जागी गंजून गेली, काही भंगारात वितळली, आणि ज्यांची चाके अजून फिरत होती ती शिलकी मालाच्या विक्रीत लोकांनी विकत घेतली. बाँबचा ट्रक घेणाऱ्याला रुळाची गरज नसे. तो कापून टाकला, हौद्यावर लाकडी फळ्या ठोकल्या, चालकाला पावसाचा त्रास होऊ नये म्हणून दारे बसविली, की ऊस, वाळू किंवा लाकूड वाहण्यास तो मोकळा. कित्येक ठिकाणी मूळचा डावीकडचा सुकाणूही उजवीकडे नेला. अमेरिकेत गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात, म्हणून तेथील चालक डावीकडे बसतो. आपल्या रस्त्यावर ते गैरसोयीचे होते. या फेरफारांना कोणी नावे ठेवू नयेत. ज्या काळात एक ट्रक म्हणजे एका कुटुंबाची भाकरी होती, त्या काळात तो पोट भरण्याच्या कामी आला हे चांगलेच झाले.

युद्ध आणि शांतता यांतील अंतर या गाड्यांच्या बाबतीत कधी कधी एका कारखान्याच्या भिंतीएवढेच असे. १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर या मार्गावर राज्याची पहिली एस.टी. धावली. एस.टी.च्या आरंभीच्या गाड्यांत बेडफर्ड बनावटीच्या गाड्याही होत्या. बेडफर्डचे ट्रक व बस बनविणारी कंपनी म्हणजे इंग्लंडमधील व्हॉक्सॉल; आणि नगरच्या संग्रहालयातील चर्चिल रणगाडा हे याच कंपनीचे अपत्य. ज्या हातांनी रणगाड्याचे पट्टे जोडले, त्यांच्याच शेजारच्या हातांनी प्रवाशांना वाहणाऱ्या गाड्यांचे सांगाडे जोडले. आपल्या आजोबांनी ज्या खडखडाटी गाडीतून बाजारहाट केला, तिचा दूरचा भाऊ संग्रहालयात तोफ घेऊन उभा असेल, ही कल्पना मुलांना गमतीची वाटेल. पण ती कल्पना नाही, हिशेबात बसणारी गोष्ट आहे.

अशी एखादी गाडी पन्नास-साठ वर्षांनी एखाद्या शेडमध्ये सापडते आणि कोणाला तरी ती पूर्ववत करावीशी वाटते. हे काम दिसते तितके सरळ नाही. हौशी माणूस प्रथम धावतो तो रंगाच्या डब्याकडे. जाणता मिस्त्री तसे करीत नाही. तो आधी बारीक पॉलिश कागद घेऊन पत्र्याचा एक लहानसा भाग हलक्या हाताने घासतो. वरचा निळा रंग निघतो, त्याखाली पिवळा, त्याखाली तांबडा लेप, आणि तळाशी कोठे तरी सैन्याचा काळपट हिरवा. झाडाच्या खोडात जशी वर्षांची वलये दिसतात, तसे गाडीचे सर्व मालक त्या एका ठिपक्यात एकाभोवती एक उमटलेले दिसतात. कधी त्या हिरव्या थरावर पांढऱ्या आकड्याचा एखादा तुकडा उरलेला असतो. तो सापडला म्हणजे गाडीला तिचे नाव सापडले. ज्याने सगळा पत्रा यंत्राने खरवडून साफ केला, त्याने ते नाव कायमचे पुसून टाकले.

नंतर इंजिन. वर्षानुवर्षे बंद पडलेले इंजिन जोर लावून फिरविले तर आतले दट्टे घासून ओरखडे पडतात. म्हणून सिलिंडरांत तेल सोडून काही दिवस वाट पाहावयाची, मग हाताने थोडे पुढे, थोडे मागे, असे हलवीत ते मोकळे करावयाचे. आजाऱ्याचा आखडलेला हात चोळून मोकळा करावा, तशीच ही सेवा आहे. एका जागी तर पुष्कळांची फसगत होते. नट डावीकडे फिरविला की सैल होतो, हे सर्वांना ठाऊक आहे. परंतु त्या काळच्या कित्येक अमेरिकी लष्करी गाड्यांत डाव्या बाजूच्या चाकांच्या नटांना उलटे आटे असत, म्हणजे चाक पुढे फिरताना नट आपोआप ढिला होऊ नये. हे ज्याला माहीत नाही तो सैल करण्यासाठी म्हणून नट अधिकच आवळतो, पान्याला लांब नळी लावून अंगातला सारा जोर देतो आणि शेवटी खटकन बोल्ट मोडतो. मग तो जुन्या लोखंडाला दोष देतो! इंग्रजी गाडीचे पाने अमेरिकी गाडीला बसत नाहीत, हीही तशीच गोष्ट. दोन्ही देशांचे आटे त्या वेळी वेगळ्या मापाचे होते.

पाने आणि तेल यांच्याबरोबरच जुनी पुस्तके लागतात. लष्कराने आपल्या वाहनांसाठी दुरुस्तीच्या पुस्तिका काढलेल्या असत. त्यांत प्रत्येक भागाचे चित्र आणि क्रमांक असे. रूळ कापला गेला असेल तर तो किती लांब होता, कोणत्या कोनात बसविला होता, हे त्यांतून कळते. परंतु पुस्तिका सर्व सांगत नाही. पायरीची एकच कड का झिजली, हौद्याच्या डाव्या फळीवरच खाचा का आहेत, छताच्या दांडीला तारेचे वेटोळे कोणी व कशासाठी अडकविले, याची उत्तरे छापलेली नसतात. ती पायरी ज्या पायांनी झिजविली त्यांचा विचार करीत बसावे लागते. झिजलेली पायरी बदलून नवी कोरी बसविणारा कारागीर कुशल असेल. पण त्याने गाडीच्या अंगावरची एकमेव सही फेकून दिली, असेच म्हणावे लागेल.

समजण्याआधी सुधारण्याची घाई कशी घातक ठरते, याचे नामी उदाहरण नगरच्या संग्रहालयातच आहे. तेथे आर्चर नावाची रणगाडेभेदी तोफगाडी आहे. व्हॅलेंटाईन रणगाड्याच्या लहान सांगाड्यावर १७ पौंडी नावाची लांबलचक तोफ बसविलेली. गंमत अशी की, या तोफेचे तोंड गाडीच्या मागच्या बाजूस आहे. पाहणाऱ्यास वाटते, जोडणाऱ्यांची काही तरी चूक झाली असावी. समजा, एखाद्या उत्साही माणसाने ती चूक ‘दुरुस्त’ करून तोफ पुढच्या बाजूस फिरविली, तर? मग ती आर्चर उरणार नाही. लहान सांगाड्यावर एवढी लांब तोफ पुढे तोंड करून बसविली असती तर ती पुढे फारच लोंबली असती. म्हणून ती उलटी बसविली. यात आणखी एक फायदा सैनिकांना सापडला. दबा धरून गोळा झाडावयाचा आणि शत्रूने नेम धरण्यापूर्वी गाडी न वळविता सरळ पुढे पळवावयाची. जे चुकीचे दिसत होते त्यात दोन कारणे दडलेली होती. ती शोधण्याआधी पाना हातात घेणाऱ्यापासून जुन्या गाड्यांना देवानेच वाचवावे.

नगरच्या याच शिक्षणकेंद्रात एक रणगाडा जतन केलेला आहे. त्याचे नाव ‘फॅमागुस्टा’. सायप्रस बेटावरील एका बंदराचे हे नाव, आणि रणगाडा सेंच्युरियन जातीचा. सेंच्युरियनमध्ये चार माणसे असत: नायक, तोफ डागणारा, गोळे भरणारा आणि चालक. १९७१ साली या रणगाड्याचे नायक होते पूना हॉर्स या रेजिमेंटचे सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल. वय वर्षे एकवीस. सेनेत अधिकारी होऊन त्यांना जेमतेम सहा महिने झाले होते. युद्धाचे ढग जमू लागले तेव्हा ते नगर येथेच तरुण अधिकाऱ्यांच्या शिक्षणक्रमात शिकत होते. शिक्षण अर्धवट टाकून त्यांना आपल्या रेजिमेंटकडे परत बोलावण्यात आले.

१६ डिसेंबर १९७१ रोजी बसंतर नदीपलीकडे मोठी लढाई झाली. आदल्या रात्री आपले इंजिनियर नदीकाठचे सुरुंग वेचून वाट मोकळी करीत होते. हाही युद्धातील सेवकवर्गच. त्यांचे काम पुरे होण्याआधीच शत्रूचे रणगाडे येत असल्याची वर्दी आली, आणि पूना हॉर्सचे रणगाडे सुरुंगांची पर्वा न करता पुढे निघाले. लढाईत खेत्रपालांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी शत्रूचे अनेक रणगाडे निकामी केले. अखेर फॅमागुस्टाला गोळा लागून त्याने पेट घेतला. रणगाडा सोडून बाहेर पडण्याचा हुकूम बिनतारी यंत्रावरून आला. आपली तोफ अजून चालते आहे, असे खेत्रपालांनी कळविले आणि ते जागेवरून हलले नाहीत. त्यानंतर लागलेल्या गोळ्याने त्यांचा अंत झाला. त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र देण्यात आले.

फॅमागुस्टा त्या दिवशी शत्रूच्या हाती पडला; पुढे तो भारताला परत मिळाला, दुरुस्त झाला आणि नगरला आला. ज्या गावातून त्याचा नायक घाईने निघून गेला होता, त्याच गावात रणगाडा मुक्कामास आला. जळालेले दुरुस्त करणे, मोडलेले सांधणे, हे कारागिरांचे काम. ते त्यांनी पार पाडले. पण त्या रणगाड्याच्या कहाणीचा एक भाग भारतात कोणाजवळच नव्हता. समोरच्या बाजूने गोळा कोणी झाडला, त्याने काय पाहिले, हे येथील कोणत्याही दप्तरात लिहिलेले असणे शक्य नव्हते.

अरुण खेत्रपाल यांचे वडील ब्रिगेडियर एम. एल. खेत्रपाल हे स्वतः सेनेच्या इंजिनियर दलातील अधिकारी. त्यांचा जन्म सरगोधा येथला. फाळणीनंतर ते गाव पाकिस्तानात गेले. वयाच्या एक्याऐंशीव्या वर्षी, २००१ साली, आपले जन्मगाव एकदा पाहावे म्हणून ते तेथे गेले. लाहोरात पाकिस्तानी सेनेचे एक अधिकारी, ब्रिगेडियर ख्वाजा महंमद नासेर, यांनी त्यांना आपल्या घरी उतरवून घेतले. घरातील सर्वांनी पाहुण्यांची मनापासून बडदास्त ठेवली. परत निघण्याच्या आदल्या रात्री यजमानांनी त्यांना सांगितले की, बसंतरच्या लढाईत आपण तेथे होतो, आणि आपल्याच हातून तुमच्या मुलाला मरण आले. त्याच्या शौर्याबद्दल त्यांनी आदराने बोलून दाखविले.

वृद्ध पिता काही वेळ स्तब्ध राहिले. ज्याच्या घरचे अन्न आपण खाल्ले त्याच माणसाने आपला मुलगा मारला होता; आणि त्या मुलाच्या अखेरच्या घटकेचा साक्षीदारही तोच होता. दोघेही सैनिक. एकाने सांगितले, दुसऱ्याने ऐकून घेतले. दुसऱ्या दिवशी ब्रिगेडियर खेत्रपाल भारतात परतले. फॅमागुस्टाला गोळा लागल्याला त्या वेळी तीस वर्षे होत आली होती.